यीस्ट कुठे थांबते?

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता पातूर सोडल्यावर घाट चढू लागतो. या डोंगराळ भागात साग आणि पळस यांच्या जोडीने मोहाची झाडे आहेत. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास मोहाची पाने झडतात आणि मांसल, फिकट पिवळसर, उग्र-गोड वासाची फुले रात्रभर खाली पडत राहतात. ती पहाटे वेचायची, उन्हात वाळवायची आणि वर्षभर पुरवून वापरायची, अशी रानाजवळच्या गावांची जुनी रीत. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. त्यामुळे ती पाण्यात भिजत पडली की काही तासांतच फसफसू लागतात. या फसफसणाऱ्या द्रवाला वऱ्हाडात 'सडवा' म्हणतात. 'मोहाचा सडवा नष्ट केला' अशा बातम्या इथल्या वृत्तपत्रांत नेहमी वाचायला मिळतात.

या बातम्यांत सडव्याबरोबर 'भट्टी'चा उल्लेख हमखास असतो. म्हणजे सडवा तयार झाला तरी काम संपत नाही, तो उकळून त्याची वाफ थंड करावी लागते. असे का? फुलांत साखर भरपूर, यीस्टही भरपूर. मग यीस्ट सगळ्या साखरेचे अल्कोहोल करून मोकळे का होत नाही? वर्गात आपण फळ्यावर किण्वनाचे समीकरण लिहितो. साखर डावीकडे, अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड उजवीकडे. ही क्रिया कुठे आणि का थांबते, हे मात्र ते समीकरण सांगत नाही. या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला विज्ञानाला दीडशेहून अधिक वर्षे लागली. ती हकीकत शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते.

जुना शब्द, जुनी कृती

यीस्टला मराठीत 'किण्व' म्हणतात. हा शब्द परिभाषा कोशासाठी नव्याने घडवलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात तो आलेला आहे. 'मेदक' नावाच्या पेयासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व असे प्रमाण तेथे दिले आहे. हे किण्व म्हणजे उडीद व तांदूळ यांच्या वाटणात काही वनस्पती घालून केलेले विरजणच होते. 'आसवा'ची कृतीही तेथे आहे. शंभर पल कवठ, पाचशे पल फाणित म्हणजे काकवीसारखा आटवलेला उसाचा रस, आणि एक प्रस्थ मध. फळापेक्षा गोड द्रव्य पाचपट! नुसत्या फळाच्या रसातील साखर पुरत नाही, पेय तीव्र हवे तर वरून गोडवा घालावा लागतो, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते असे यावरून दिसते.

युरोपात सफरचंदाच्या रसापासून सायडर करतात, तेथेही हाच हिशेब आहे. साधारणपणे लिटरमागे १७ ग्रॅम साखर संपली की द्रवात १ टक्का अल्कोहोल तयार होते (या लेखात टक्केवारी आकारमानाने दिली आहे). सफरचंदाच्या रसात लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर असते, म्हणून साधे सायडर ६-७ टक्क्यांचे होते. घरी 'कडक' सायडर करू पाहणारे लोक रसात साखर घालतात. १० टक्क्यांसाठी लिटरला १७० ग्रॅम साखर लागते, तर २० टक्क्यांसाठी ३४०. कागदावर हे गणित कितीही पुढे नेता येते. पिंपात मात्र बहुधा बाराचौदा टक्क्यांच्या आसपास बुडबुडे मंदावतात आणि उरलेली साखर तशीच राहते. मोहाच्या सडव्यात तर, भर उन्हाळ्यात, क्रिया त्याहूनही आधी अडखळते.

एक थट्टा आणि तिच्यातील सत्य

लेव्हेनहुक याने १६८० मध्ये बिअरमधील यीस्टचे गोलक आपल्या भिंगातून पाहिले होते, पण ते सजीव आहेत असे त्याला वाटले नाही. लाव्हाझिए याने १७८९ मध्ये किण्वनातील साखर आणि उत्पादिते यांचा ताळेबंद मांडला. त्यानंतर १८१५ मध्ये गे-ल्युसॅक याने दिलेले समीकरण आजच्या रूपात असे सांगते : १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. या सर्व हिशेबात यीस्टला जागाच नव्हती.

१८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान व क्युत्सिंग अशा तिघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, यीस्ट सजीव असल्याचे प्रतिपादन केले. रसायनशास्त्रज्ञांना हे मुळीच पटले नाही. १८३९ मध्ये व्होलर आणि लीबिग यांनी या कल्पनेची टर उडवणारा एक निनावी लेख स्वतःच्याच नियतकालिकात छापला. त्यात यीस्ट म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या पात्राच्या आकाराचा एक छोटा प्राणी असून तो तोंडाने साखर खातो आणि मागून अल्कोहोल सोडतो, असे वर्णन होते.

पुढे पाश्चरच्या १८५७ ते १८६० मधील प्रयोगांनी ही थट्टा थट्टा करणाऱ्यांवरच उलटली. किण्वन ही सजीवाची क्रिया आहे हे त्याने दाखवून दिले. साखरेपासून अल्कोहोल व वायूखेरीज थोडे ग्लिसरॉल आणि सक्सिनिक आम्लही तयार होते, हेही त्याने मोजले. थट्टेतील प्राण्याचा आकार सोडला तर बाकीचे वर्णन फारसे चुकीचे नव्हते! त्यातून निघणारा पुढचा प्रश्न मात्र तेव्हा कोणी लावून धरला नाही. बंद खोलीत कोंडलेला प्राणी आपल्याच उत्सर्गात किती काळ तग धरील?

दोष यीस्टचा की परिस्थितीचा?

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट मिळवले. 'यीस्ट' हे एकच द्रव्य नसून त्यात अनेक जाती व वाण आहेत आणि त्यांचे गुण वेगवेगळे असतात, हे त्यामुळे पक्के झाले. उघड्यावर ठेवलेल्या फळांच्या रसात तर एक प्रकारची खो-खोच चालते. सुरुवातीला लिंबाच्या आकाराची रानटी यीस्टे जोरात वाढतात, पण अल्कोहोल चारसहा टक्क्यांवर गेले की ती माघार घेतात. मग सॅकॅरोमायसिस पुढे सरसावते. अल्कोहोल हे एका अर्थाने त्याचे शस्त्र आहे. इतरांना हटवून साखरेवर ताबा मिळवायचा ही त्याची रीत. शेवटी हेच शस्त्र त्याच्यावरही उलटते.

यावरून असे वाटू लागले की प्रत्येक यीस्टची सहनशक्ती हा त्याचा जन्मजात, ठरलेला आकडा असावा. पावपिठातील यीस्टचा अमुक, वाइनच्या यीस्टचा तमुक. या समजुतीला पहिला धक्का जपानकडून मिळाला. तेथील 'साके' हे तांदळाचे पेय कोणतीही भट्टी न लावता १८ ते २० टक्क्यांपर्यंत जाते. १८९५ मध्ये याबे किकुजी याने साकेचे यीस्ट वेगळे केले. ते सॅकॅरोमायसिसच निघाले. मग एवढे अंतर कशामुळे?

साकेच्या कृतीत त्याचे उत्तर दडले होते. 'कोजी' नावाची बुरशी भातातील पिष्टाची साखर हळूहळू करते आणि त्याच वेळी त्याच भांड्यात यीस्ट ती संपवत जाते. त्यामुळे यीस्टला एकदम दाट पाकात बुडावे लागत नाही. भातही तीन टप्प्यांत घालतात. काम थंडीत चालते. शिवाय बुरशीच्या पेशींतून यीस्टला काही पोषक द्रव्ये मिळतात. १९७० च्या दशकात हायाशिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कोजीतील स्निग्ध द्रव्यांचा यीस्टच्या सहनशक्तीत मोठा वाटा असतो.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एक भर पडली. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी साकेच्या यीस्टमध्ये एका जनुकाचा बिघाड नोंदवला. परिस्थिती बिकट झाली की काम थांबवून निद्रिस्त अवस्थेत जाण्याची सूचना या जनुकामार्फत दिली जाते. साकेच्या यीस्टमध्ये ती नीट पोहोचत नाही. म्हणजे ते अधिक चिवट आहे असे नव्हे, तर थांबायचे कधी हेच त्याला कळत नाही!

धाब्यावरची माती

अल्कोहोल यीस्टला नेमके काय करते? यीस्टच्या पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे पातळ पटल असते. अल्कोहोलचा रेणू लहान असतो आणि तो पाणी व स्निग्ध द्रव्य या दोहोंशी जमवून घेतो. द्रवात त्याचे प्रमाण वाढले की तो या पटलात शिरतो आणि पटल झिरपू लागते. बाहेरचे आम्ल आत येते आणि आतले पोटॅशियम बाहेर जाते. आत आलेले आम्ल उपसण्यातच पेशीची बरीच ऊर्जा खर्च होते. साखर व अमिनो आम्ले आत ओढून घेणारी प्रथिने नीट काम करीत नाहीत. उष्णतेनेही पटल सैल होते. म्हणून २० अंश सेल्सियसला जे यीस्ट सहज तग धरते, तेच वऱ्हाडच्या चाळिशीपार उन्हाळ्यात कमी अल्कोहोलमध्येही कोलमडते. मोहाची फुले नेमकी याच दिवसांत गळतात.

पटल मजबूत ठेवायला दोन गोष्टी लागतात. एक एर्गोस्टेरॉल आणि दुसरी असंतृप्त मेदाम्ले. आंद्रेआसन आणि स्टायर यांनी १९५३-५४ मध्ये दाखवले की हवा पूर्णपणे बंद असताना यीस्टला या दोन्ही गोष्टी बाहेरून द्याव्या लागतात. त्या स्वतः तयार करायला यीस्टला ऑक्सिजन लागतो. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस, होसॅक आणि रोझ यांनी पटलाची घडण बदलून पाहिली. ज्या पेशींच्या पटलात अधिक असंतृप्त मेदाम्ल होते, त्या अल्कोहोलमध्ये जास्त काळ जिवंत राहिल्या.

वऱ्हाडातील धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लवकर कळेल. धाब्यावर मातीचा थर द्यायचा तो पावसाळ्याआधी. एकदा झड लागली की वर चढून डागडुजी करता येत नाही. यीस्टचेही तसेच आहे. सुरुवातीला, हवा मिळते तेव्हाच, त्याने छप्पर शाकारून घ्यायचे असते. पुढे हवा संपते, नव्या जन्मणाऱ्या पेशींत तोच साठा वाटला जातो, दर पिढीला छप्पर पातळ होत जाते आणि अल्कोहोलचा पाऊस मात्र वाढत असतो. 'किण्वनाला हवा लागत नाही' हे आपण शिकवतो ते बरोबरच आहे. पण किण्वन शेवटास जायचे असेल तर आरंभी थोडी हवा लागते, एवढी पुस्ती त्याला जोडायला हवी.

पटलाखेरीज दुसरी गरज नायट्रोजनची. कॅनडात केसी, मॅग्नस आणि इंगल्डू यांनी १९८४ मध्ये बिअरच्या नेहमीच्या यीस्टला भरपूर साखर दिली आणि त्याबरोबर नायट्रोजनयुक्त खाद्य, एर्गोस्टेरॉल व ओलेइक आम्लही दिले. जे यीस्ट दुबळे मानले जात होते तेच १६ टक्क्यांच्या पुढे गेले. यीस्ट विषाने मरत होते असे आपण समजत होतो, ते बऱ्याच अंशी उपासमारीने थांबत होते! हातभट्टीवाले गुळाच्या सडव्यात नवसागर टाकतात, त्याचाही अर्थ येथे लागतो. गुळात नायट्रोजन फार कमी असतो आणि नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कोणत्याही प्रयोगशाळेचा आधार नसताना ही कृती रूढ झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अर्थात तिला रसायनशास्त्राचा आधार आहे म्हणून ते पेय निर्धोक ठरत नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. मधील संशोधकांनी द्रवात पोटॅशियम वाढवून आणि आम्लता कमी ठेवून यीस्टची सहनशक्ती वाढवून दाखवली. पटलातून जे गळते ते बाहेरच भरपूर ठेवले की गळती कमी भोवते, असे त्याचे साधे सूत्र सांगता येईल. थोडक्यात, सहनशक्तीचा आकडा केवळ यीस्टच्या अंगी नसतो. तो यीस्ट, अन्न, हवा, उष्णता आणि साखर देण्याची पद्धत या सर्वांतून मिळून ठरतो.

थांबल्यानंतरचा इतिहास

यीस्ट थांबते तेथून पुढे माणसाने ऊर्ध्वपातनाचा मार्ग काढला. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळते आणि पाणी १०० ला. त्यामुळे सडवा तापवला की पहिल्या वाफेत अल्कोहोलचे प्रमाण सर्वांत अधिक असते. 'पहिल्या धारेची' या शब्दप्रयोगामागे हेच भौतिकशास्त्र आहे. महाराष्ट्रात देशी दारूच्या बाटलीवर '२५ यू. पी.' असे लिहिलेले असते. हा ब्रिटिश अबकारीचा वारसा होय. १८१६ मध्ये ब्रिटनने साइक्सचा तरकाटा कायद्याने मान्य केला. त्या पद्धतीत ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे 'प्रूफ'. त्याहून २५ अंश खाली म्हणजे ४२.८ टक्के. '६० यू. पी.' ही सौम्य समजली जाणारी दारूही २२.८ टक्क्यांची भरते. म्हणजे अबकारीच्या भाषेत जे सौम्य, तेही साकेच्या यीस्टच्या आवाक्याबाहेरचे!

कर गोळा करणाऱ्या सरकारपुढे यातून एक अडचण उभी राहिली. यीस्ट हवेत, फुलांवर, मडक्यांत सर्वत्र असते, त्यावर कर बसवता येत नाही. भांडे आणि नळी कोणाच्याही घरी असू शकते. मग उरते ते फूल. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुलांसंबंधी खास कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर व त्यांच्या व्यवहारावर बंधने आली. पातूरचा प्रदेश तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाड निजामाच्या नावे, पण ब्रिटिशांच्या कारभारात होते. परंतु मोहाकडे दारूचा कच्चा माल म्हणून पाहण्याची दृष्टी सगळीकडे पसरली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली.

या दृष्टीची किंमत रानाकाठच्या माणसांनी मोजली. मोहफूल हे आधी अन्न आहे. ते भाजून, शिजवून, पिठात मिसळून खातात. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले. अशा काळात रानातील मोहासारख्या झाडांनी मध्य भारतात माणसे जगवली आहेत. ज्या फुलाने पोट भरते ते घरात ठेवणेच संशयास्पद ठरावे, ही गोष्ट यीस्टच्या एका गुणामुळे घडली, पण दोष यीस्टचा नव्हता. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा घटनांनंतर 'सडवा बिघडला असेल' असे बोलले जाते. यीस्ट साखरेपासून मिथेनॉल तयार करीत नाही. फळांतील पेक्टिनमुळे ते अगदी थोडे येऊ शकते, पण एकाच वेळी इतके बळी घेणारे मिथेनॉल कारखान्यांसाठी बनवलेले असते आणि ते माणसाने मिसळलेले असते. तीव्रता वाढवण्यासाठी यीस्टची मर्यादा ओलांडण्याचा हा सर्वांत घातक मार्ग. चव, वास किंवा रंग यांवरून तो ओळखता येत नाही, हे मुलांना सांगायलाच हवे.

वर्गात करून पाहण्यासाठी

पाच सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत २०० मिलिलिटर कोमट पाणी आणि एक लहान चमचा पावाचे कोरडे यीस्ट घाला. साखर मात्र अनुक्रमे १०, २०, ४०, ८० आणि १२० ग्रॅम घाला. तोंडाला फुगे लावा, बूच लावू नका. अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी फुग्यांचा घेर दोऱ्याने मोजून तक्ता करा. सर्वांत जास्त साखरेचा फुगा सर्वांत आधी फुगतो का? आधी विद्यार्थ्यांना अंदाज लिहायला लावा आणि मग निरीक्षण करू द्या.

नंतर ४० ग्रॅम साखरेच्या दोन नव्या बाटल्या तयार करा. एकीत चमचाभर यीस्ट पाण्यात दहा मिनिटे उकळून, थंड करून घाला. ते मेलेले असल्याने किण्वन करणार नाही. पण जिवंत यीस्टला ते अन्न म्हणून उपयोगी पडते का, हे दोन-तीन दिवस फुगे मोजून ठरवता येईल. प्रयोग संपल्यावर द्रव ओतून टाकावा, चाखू देऊ नये.

मोह वेचणाऱ्या घरांतील मुले वर्गात असतील तर त्यांना या विषयात आपल्याहून अधिक बारकावे ठाऊक असतील. फुले किती दिवसांत आंबतात, उन्हात आणि सावलीत काय फरक पडतो, मडके कोणते चांगले. ही माहिती त्यांनी मान खाली न घालता सांगावी आणि ती फळ्यावर निरीक्षण म्हणून लिहिली जावी. पाश्चरने १८५६ मध्ये आपले काम सुरू केले तेही लील शहरातील एका बीटच्या भट्टीत, मालकाची तक्रार ऐकूनच.